गारगोटीच्या कुळातले अग्निकवच

बीड जिल्ह्याच्या बालाघाटी मुलखात शेतकऱ्यांनी वेचून बांधावर टाकलेल्या ज्या पांढऱ्या गारगोट्या दिसतात, त्यांचे आणि अंतराळातून परतणाऱ्या यानाच्या कवचाचे रासायनिक कुळ एकच, सिलिकाचे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी७ अग्निबाणाने इस्रोची जी ५५० किलोंची कुपी कक्षेत नेली, आणि जी २२ जानेवारीस बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली, तिचे नाक कार्बन-फिनॉलिकचे असले तरी शंकूसारखे अंग सिलिकाच्याच कौलांनी मढविलेले होते.

सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरणाऱ्या कुपीपुढून बाजूला सरण्यास हवेला उसंतच मिळत नाही. ती तिथल्या तिथे दडपली जाऊन भयंकर तापते. (या उष्णतेचे पितृत्व वर्तमानपत्रे सरसकट घर्षणाकडे देतात, ते फारसे बरोबर नव्हे.)

मात्र ही उष्णता अडविण्याच्या कामी शेतातली गारगोटी जशीच्या तशी निरुपयोगी, कारण तिचे अणू स्फटिकाच्या काटेकोर शिस्तीत बसलेले असून ५७३ अंश सेल्सिअसला ती शिस्त एकदम पालटते, आकारमान अचानक वाढते व दगड तडकतो. तीच सिलिका वितळवून, स्फटिक जमू न देता थंड केली की काचरूप होते, आणि मग मीटरभर लांबीची कांब शंभर अंशांनी तापली तरी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकीच लांबते. पोलादाची कांब तेवढ्यात मिलिमीटरहून अधिक वाढते.

अशा शुद्ध काचेचे बारीक तंतू एकमेकांत गुंतवून व भाजून अमेरिकेच्या स्पेस शटलसाठी जी कौले घडविली गेली, त्यांचा सुमारे नऊ दशांश भाग निव्वळ पोकळी होता. अग्नीस अडविण्याचे काम द्रव्यापेक्षा द्रव्याच्या अभावाने अधिक केले, ही गोष्ट मला त्या सबंध योजनेत सर्वांत मनोहर वाटते. यानाच्या पोटाकडील कौलांवर काळ्या बोरोसिलिकेट काचेचा लेप असे व तो बहुतेक उष्णता बाहेर फेकून देई.

खरी अडचण होती ती कौले चिकटविण्याची. खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा ताणला-आखडला जाणार आणि कौल तर जागचे हलणार नाही, म्हणून दोहोंमध्ये नमद्याची गादी घालावी लागली. पण त्या गादीचा ताण मोजक्याच ठिकाणी एकवटून कौलाचा तळ उसवू लागला, तेव्हा तळात सिलिकाचाच पातळ राबडा मुरवून तो घट्ट करण्याचा बंदोबस्त झाला. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे शटल प्रथम उडाले, त्या वेळी सोळा कौले गळून पडली. ती शेपटीनजीकच्या, कमी तापणाऱ्या भागावरची व हा संस्कार न झालेली होती.