वालपापडीवरचे हिंगे

शहाडला आमच्या चाळीच्या दारात वालपापडीचा वेल आहे. पावसाळा सरता सरता तो फुलला, पण शेंग काही धरेना. एके सकाळी पाहतो तर काय, काळ्या अंगावर केशरी पट्टे असलेले, बोटाच्या पेराएवढे भुंगेरे फुले खात बसलेले! शेतकरी यांना हिंगे म्हणतात. फूलच गेले तर शेंग कुठली?

घरच्या मुलाने एक हिंगा चिमटीत धरला, तर बोटांवर टपोरे फोड आले. हिंग्याच्या अंगात कॅन्थॅरिडिन नावाचे दाहक द्रव्य असते. ते लागले तर लगेच साबणाने हात धुवावा, डोळ्यांना लावू नये.

महाग औषधाची गरज नाही. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, सकाळी सुस्त असताना हिंगे साबणाच्या पाण्यात झटकून टाकावेत. हे रोज करावे. वेलावर विष फवारले तर ते शेंगांतून आपल्याच ताटात येते, मधमाश्याही मरतात.

चकचकीत तांबडा, वाटोळा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा मात्र मारू नका. तो मावा खाऊन वेल राखतो.

आमच्या मुलाचे फोड वाळले आणि वेलाला शेंगाही लागल्या. पहिली भाजी शेजारी वाटूनच खाल्ली.