दूरदेशीचे सहकारी

आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांत रात्री मुले झोपली की कुणीतरी एकजण संगणकासमोर बसतो आणि पुण्याशी नाहीतर बंगळूरशी बोलू लागतो. चमूत एखादा जर्मन, एखादी चिनी, दोन अमेरिकन आणि उरलेले आपण. माणसे हुशार असूनही अशा चमूचे काम का फसते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मंगळावर घडले.

११ डिसेंबर १९९८ रोजी नासाने 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान सोडले. ते बांधले डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिनने. मार्ग आखणारी मंडळी पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत. यानावरच्या छोट्या झोतांनी दिलेल्या धक्क्यांचे आकडे डेन्व्हरहून फाइलीतून येत. ठरल्याप्रमाणे ते न्यूटन-सेकंदांत हवे होते, आले पौंड-सेकंदांत. एका पौंडाचे साधारण ४.४५ न्यूटन होतात, म्हणजे प्रत्येक धक्का तेवढ्या पटीने कमी धरला गेला. २३ सप्टेंबर १९९९ रोजी जे यान मंगळाच्या सुमारे २२६ किलोमीटर वरून जायचे, ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले आणि कायमचे गप्प झाले.

एकक चुकले, एवढेच सर्वांच्या लक्षात राहिले. चौकशी समितीच्या अहवालात मला खटकले ते वेगळेच. आकडे जुळत नाहीत हे पासाडेनाच्या लोकांना आधीच जाणवले होते. त्यांनी तसे कळवलेही, पण ई-मेलमधून, अनौपचारिकपणे. अडचण नोंदवण्याची जी रीतसर पद्धत होती, तिच्यात ती शंका गेलीच नाही. मग तिचा पाठपुरावा करणे हे कुणाचेच काम उरले नाही. आणि हे सारे एकाच देशात, एकच भाषा बोलणाऱ्या, घड्याळात अवघ्या एका तासाचे अंतर असलेल्या दोन गावांत!

आपल्याकडे तर भाषाही आड येते. पुण्याचा मुलगा 'आय हॅव अ डाउट' म्हणतो तेव्हा त्याला फक्त प्रश्न विचारायचा असतो. अमेरिकन माणसाला वाटते, याचा आपल्यावर विश्वास नाही. इंग्लंडात मुद्दा 'टेबल' करणे म्हणजे चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. ३/४ ही तारीख कुणाची ३ एप्रिल, कुणाची ४ मार्च. आणि आपले ते 'बघतो'! साहेबाला तोंडावर नाही कसे म्हणायचे, म्हणून आपण 'आय विल ट्राय' म्हणतो आणि समोरचा तो होकार धरून चालतो. म्हणून 'जमेल का?' असे विचारूच नये. 'गुरुवारपर्यंत काय काय तयार असेल आणि कशावर अडेल?' असे विचारावे. याला नुसते 'हो' असे उत्तर देताच येत नाही.

वेळेचे म्हणाल, तर भारतात घड्याळ बदलत नाही. कॅलिफोर्निया आणि पुणे यांतले अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. रात्रीची बैठक नेहमी पुण्यानेच का सोसावी? आम्ही पाळ्या लावल्या आहेत. एक महिना आम्ही पहाटे सहाला बसतो, पुढच्या महिन्यात रात्री नऊला. गणपतीच्या दिवसांत मात्र पुणेकरांची संध्याकाळची आरती चुकू नये म्हणून बैठक रात्री नऊचीच. तेव्हा जर्मन सहकारी बिचारा पहाटे सहाला उठतो आणि नाताळच्या आठवड्यात आम्ही त्याच्याकडे काहीही मागत नाही.