बिनतारी प्रतिकृति-ट्रकची जुळणी आणि सातारा-सांगलीची भूमी

बैलगाडी भरताना माल मागे अधिक साचला तर गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. तिची धुरा वर उचलू लागते. भार पुढे अधिक झाला तर तोच बैलांच्या मानेवर येतो. पोते एक वीतभर पुढे वा मागे सरकविले म्हणजे गाडीची चाल बदलते, हे कृष्णाकाठच्या गाडीवानास कोणत्याही समीकरणावाचून ठाऊक असते. एकूण वजन तेच राहूनही त्याच्या स्थानामुळे वाहनाचे वर्तन पालटते. बिनतारी नियंत्रणाने मातीच्या मार्गावर पळविल्या जाणाऱ्या छोट्या शर्यती-ट्रकच्या जुळणीचे शास्त्र याच निरीक्षणाचा विस्तार होय.

अशा ट्रकची प्रतिकृती बहुधा एक-दशांश प्रमाणाची असते. जपानमधील तामिया कंपनीने १९७९ साली खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या प्रतिकृति-गाड्या बाजारात आणल्या. १९८४ साली कॅलिफोर्नियातील टीम असोसिएटेड या कंपनीने ‘आरसी १०’ ही गाडी काढली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असून प्रत्येक चाकास तेल भरलेला धक्काशोषक होता. तेव्हापासून हा खेळ सूक्ष्म जुळणीचा झाला. अभियांत्रिकीच्या अभ्यासकास मात्र त्याचे महत्त्व खेळापुरते नाही. अल्प खर्चात, कोणाच्याही जिवास धोका न पोचविता, वाहनगतीचे नियम तपासून पाहण्याचे ते साधन आहे. मात्र या साधनाचे निष्कर्ष मोठ्या वाहनास कोठवर लागू पडतात, हे नीट ओळखले पाहिजे.

१. भारांतर

वळण घेताना गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो. या भारांतराचे मान तीन गोष्टींवर ठरते : गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील आडवे अंतर आणि वळणातील त्वरण. समजा, ट्रकचे वजन २ किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ५ सेंटिमीटर, चाकांमधील आडवे अंतर २५ सेंटिमीटर आणि वळणातील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे आहे. तर २ × ०.५ × ५ ÷ २५, म्हणजे ०.२ किलोग्रॅम भार बाहेर जाईल. आतील बाजूस ०.८ व बाहेरील बाजूस १.२ किलोग्रॅम भार उरेल.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. स्प्रिंगा ताठ केल्याने गाडी कमी कलते, म्हणून भारांतरही तितकेच कमी होते असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः वरील सूत्रात स्प्रिंगचा उल्लेखच नाही. कलण्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाजूस सरकतो, तेवढा अल्प परिणाम सोडला, तर स्प्रिंग बदलल्याने एकूण भारांतर बदलत नाही. ते पुढील व मागील आसांत कसे वाटले जाते, एवढेच बदलते. हे वाटपच निर्णायक आहे. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. यास्तव ज्या आसावर भारांतर अधिक, त्या आसाची एकंदर पकड घटते. पुढील स्प्रिंगा ताठ केल्या की पुढची पकड कमी होऊन गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागील ताठ केल्या की पाठ घसरून गाडी गरकन फिरते.

बॅटरीचे स्थान हा गाडीवानाच्या पोत्यासारखाच उपाय आहे. दोन आसांतील अंतर २८ सेंटिमीटर असता ३०० ग्रॅमची बॅटरी ३ सेंटिमीटर मागे सरकविली, तर सुमारे ३२ ग्रॅम भार पुढील आसावरून मागील आसावर जातो. एकूण वजनाच्या तो दीड टक्क्याहून थोडा अधिक होतो. मागील चाके जोर लावणारी असल्यास सुट्या मातीत निघताना त्याचा लाभ होतो. परंतु पुढील चाके तितकीच हलकी होऊन वळण मंदावते.

२. स्प्रिंग आणि तेल

स्प्रिंग धक्का साठविते. तेल तो जिरविते. धक्काशोषकातील दट्ट्याच्या छिद्रांतून तेल जाताना जो विरोध होतो, त्यामुळे गाडीचे वरखाली हेलकावणे थांबते. तेल फार पातळ असल्यास एका उंचवट्यानंतर गाडी पुन्हा पुन्हा उसळते. फार दाट असल्यास चाक खळग्यात उतरण्यापूर्वीच पुढे निघून जाते व तेवढा वेळ ते जमिनीपासून सुटलेले असते. सुटलेल्या चाकास पकड नाही.

स्प्रिंग व तेल यांचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही. आवश्यक अवरोध हा स्प्रिंगच्या ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. स्प्रिंग ४४ टक्क्यांनी ताठ केली, तर पूर्वीचे संतुलन राखण्यास तेलाची श्यानता सुमारे २० टक्क्यांनी वाढविली पाहिजे. शिवाय उष्णतेने तेल पातळ होते. त्यामुळे माघातील पहाटे ठरविलेली जुळणी वैशाखातील दुपारी तशीच राहील, ही अपेक्षा व्यर्थ होय.

३. भूमीचा स्वभाव

सातारा व सांगली हे जिल्हे या अभ्यासास विशेष अनुकूल आहेत. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास असतो. खडक बहुतेक सर्वत्र बेसाल्टच. परंतु त्यापासून बनलेली भूमी ठायीठायी निराळी आहे. कासच्या पठारावर जांभा आहे, पूर्वेकडील माळावर मुरूम आहे, आणि कऱ्हाडपासून हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापर्यंत नदीकाठी खोल काळी जमीन आहे.

मुरमाच्या माळावर कठीण थरावर सुटे खडे पसरलेले असतात व ते टायरखाली गोट्यांसारखे घरंगळतात. येथे पकड मूळचीच थोडी असल्याने मऊ स्प्रिंगा, मऊ रबराचे खुंटीदार टायर आणि जमिनीपासून किंचित अधिक उंची इष्ट ठरते. मागील चाकांची तोंडे दोन-तीन अंश आत वळविल्यास सरळ धावताना पाठ स्थिर राहते.

काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. तीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळताना आकसून भेगा पडतात. चोपून वाळलेला काळा मार्ग जवळजवळ फरशीसारखा कठीण होतो. त्यावर आखूड खुंट्यांचे टायर, ताठ स्प्रिंगा व कमी उंची साधते. मात्र पृष्ठावर धूळ साचताच पकड एकाएकी जाते. तीच जमीन ओली झाली की टायरच्या खुंट्यांमधील जागा चिखलाने बुजते आणि टायर गुळगुळीत चाकासारखा वागू लागतो. अशा वेळी स्प्रिंग बदलणे निरर्थक होय. खुंट्या विरळ असलेले टायर लावणे हाच उपाय. सारांश, ‘उत्तम जुळणी’ नावाची वस्तू गाडीत नसते. ती गाडी आणि भूमी यांच्या संबंधात असते.

४. जुळणीची शिस्त

एका वेळी एकच बदल करावा, हा पहिला नियम. प्रथम मूळ जुळणीवर पाच-सहा फेऱ्यांचे काल नोंदवावे. मग बदल करून तितक्याच फेऱ्या घ्याव्या. आणि अखेरीस पुन्हा मूळ जुळणीवर परत येऊन काल घ्यावे. ही तिसरी पायरी सहसा टाळली जाते. परंतु तिच्याविना बदलाचा लाभ कोणता आणि मार्ग घोटून गुळगुळीत झाल्याचा, बॅटरी उतरल्याचा वा चालकाचा हात बसल्याचा परिणाम कोणता, हे ओळखता येत नाही. एका वेगवान फेरीपेक्षा सर्व फेऱ्यांमधील एकसारखेपणास अधिक महत्त्व द्यावे. जी जुळणी एकदाच साधते ती जुळणी नव्हे, तो योगायोग होय.

५. प्रतिकृतीवरून मोठ्या वाहनाकडे

विल्यम फ्रूड यांनी १८७२ साली इंग्लंडमधील टॉर्की येथे जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी जलकुंड बांधले. लहान आकारावरून मोठ्याविषयी अनुमान कसे करावे, याचा त्यांनी घालून दिलेला नियम येथेही लागू पडतो. आकार दहापट लहान झाला तरी गुरुत्व तेच राहते. म्हणून वेगाचे प्रमाण दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ ने बदलते. ताशी ३६ किलोमीटरने धावणारी प्रतिकृती ताशी सुमारे ११४ किलोमीटरच्या मोठ्या ट्रकसारखी वागते. स्प्रिंग भाराने १६ सेंटिमीटर दबणारे मोठे वाहन सेकंदास सव्वा वेळा हेलकावते, १.६ सेंटिमीटर दबणारी प्रतिकृती सुमारे चार वेळा. प्रतिकृतीची घटिका वेगाने चालते, हे चालकाच्या प्रतिसादाविषयी अनुमान करताना विसरून चालत नाही.

माती तर या नियमास मुळीच जुमानत नाही. वजन लांबीच्या घनाने घटते, परंतु मातीचा चिकटपणा क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गानेच घटतो. त्यामुळे एक-दशांश गाडीस तोच चिकटपणा तिच्या वजनाच्या मानाने दहापट जाणवतो. वाहन व भूमी यांच्या संबंधावर बेकर यांचा ‘थिअरी ऑफ लँड लोकोमोशन’ हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा विषय स्वतंत्र शास्त्राच्या पदवीस पोचला आहे. ओलसर काळ्या रानातून प्रतिकृती सहज गेली म्हणून मोठे वाहन तेथे रुतणार नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

याउलट, जे निव्वळ गुणोत्तर आहे ते आकाराने बदलत नाही. चाकांमधील आडव्या अंतरास गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागले असता उलटण्याची मर्यादा मिळते. वरील प्रतिकृतीची ती २.५ आहे, मातीवर एवढी पकड मिळतच नाही, म्हणून ती उलटण्याआधी घसरते. बहुधा उलटते ती चाकोरीच्या काठास चाक अडल्यावरच. आता गळीत हंगामात कऱ्हाड वा वाळवा तालुक्यात ट्रॅक्टरमागे चालणारी उसाची ट्रॉली घ्यावी. समजा, तिच्या चाकांमधील अंतर १.६ मीटर असून उंच रचलेल्या उसामुळे गुरुत्वमध्य २ मीटरवर गेला आहे. तर मर्यादा केवळ ०.४ येते. अशी ट्रॉली उभी असतानाही सुमारे २२ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. टायर दबणे, एका बाजूचे चाक मऊ साइडपट्टीत खचणे व वळणाचा वेग यांमुळे प्रत्यक्ष मर्यादा याहूनही खाली येते. उसाच्या मोळ्यांचा शेवटचा थर किती उंचीवर चढवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ वाहतुकीच्या लाभाचा नाही. तो ट्रॉलीशेजारून दुचाकीवर जाणाऱ्याच्या जिवाचा आहे. एवढे एक गुणोत्तर प्रतिकृति-ट्रकच्या जुळणीतून विद्यार्थ्याच्या हाती लागले, आणि चिखलाविषयी तिच्यावर विश्वास न ठेवण्याची सावधगिरी त्याच्या अंगी बाणली, तर त्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.