चिलापीचे पिलू: नर की मादी?

घरच्या काचपेटीसाठी एंजल माशांची पिले घेताना ग्राहक हमखास विचारतो, ‘यातला नर कोणता?’ शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यानेही हाच प्रश्न विचारायला हवा. एंजल आणि चिलापी म्हणजेच तिलापिया, हे दोन्ही सिक्लिड कुळातले मासे. लहान वयात त्यांचे नर-मादी नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत. हौशी माणूस पाच-सहा पिले एकत्र वाढवतो आणि जोडी आपोआप जमते. शेततळ्यात मात्र अशी जोडी जमणे महागात पडते.

चिलापी दोन-तीन महिन्यांतच वयात येऊ शकते. मादी शेकडो अंडी तोंडात धरून उबवते आणि उबदार पाण्यात महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी घालते. तळ्यात खाणारी तोंडे वाढतात, खाद्य मात्र तेवढेच राहते आणि विक्रीच्या वेळी जाळ्यात चिंगळ्याच येतात. अंडी तोंडात असताना मादीचे खाणे जवळपास बंद असते. त्यामुळे तिची वाढ मंदावते आणि नर पुढे जातो. म्हणूनच फक्त नर सोडण्याची पद्धत आहे.

पिलू साधारण 20 ते 30 ग्रॅमचे झाले, की ओल्या हातात उताणे धरून पाहावे. गुदद्वारामागे लहानसा उंचवटा असतो. नराच्या उंचवट्याच्या टोकाला एकच छिद्र असते. मादीला मूत्राच्या छिद्राशिवाय अंड्यांसाठी वेगळी आडवी फट असते. म्हणजे गुदद्वार धरून नराला दोन छिद्रे आणि मादीला तीन. तिथे मिथिलीन ब्लूचा थेंब लावून भिंगातून पाहिले, तर फट उठून दिसते. रंगावर विसंबू नये. दबून राहिलेला नरही मादीसारखा फिका दिसतो.

एकेक मासा तपासण्यात वेळ जातो, चुकाही होतात. त्यामुळे बीज केंद्रांत पिलांना पहिले तीन-चार आठवडे संप्रेरकयुक्त खाद्य देऊन जवळपास सर्व नर तयार करतात. नाईल तिलापियाच्या पिलांना अगदी सुरुवातीच्या दिवसांत 35-36 अंश तापमानात ठेवल्यासही नरांचे प्रमाण वाढते. पण हा टप्पा लवकर संपतो. बोटुकली विकत आणल्यावर मराठवाड्याच्या उन्हात पाणी कितीही तापले, तरी मादीचा नर होत नाही.

तळ्यातून निसटलेली चिलापी गोदावरी-मांजरात पोचली, तर ती स्थानिक माशांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होते. त्यामुळे या माशाच्या पालनासाठी शासनाची परवानगी लागते. ‘सगळे नर’ या शब्दावर बीज घेऊन थांबू नये. मासे 20-30 ग्रॅमचे झाल्यावर पन्नासेक काढून छिद्रे मोजावीत. जमत नसेल, तर उदगीरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय लातूर जिल्ह्यातच आहे, तिथे विचारावे. माद्या बऱ्याच निघाल्या, तर त्या पिले देण्याआधीच वेगळ्या काढता येतात.