श्रवणऱ्हास आणि संप्रेषण विकार : बाल्यावस्थेपासून वार्धक्यापर्यंत

बीजशब्द : श्रवणऱ्हास, वाचा-भाषा विकार, शीघ्र निदान, पुनर्वसन.

प्रस्तावना :
बोलली जाणारी भाषा मुलापर्यंत प्रथम कानावाटे पोहोचते. मूल आधी ऐकते, मग बोलते आणि त्यानंतर लिहावयास-वाचावयास शिकते. म्हणूनच श्रवणातील उणीव केवळ कानापुरती न राहता भाषा, शिक्षण आणि सामाजिक संबंध यांवर परिणाम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी व्यक्तींना श्रवणऱ्हासामुळे पुनर्वसनाची गरज आहे. असे असूनही हा दोष डोळ्यांना दिसत नसल्याने त्याला हट्टीपणा, आळस, विसराळूपणा अशी भलतीच नावे मिळतात. वयाच्या विविध टप्प्यांवर हा दोष कोणते रूप घेतो आणि तो ओळखण्यातील विलंबाने कोणती हानी होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

श्रवणऱ्हासाचे स्वरूप :
कानात साचलेला मळ, पडद्याला पडलेले छिद्र किंवा मध्यकर्णातील संसर्ग यांमुळे ध्वनी आत पोहोचण्यास अडथळा येतो. हा वहनजन्य दोष होय. औषधोपचाराने वा शस्त्रक्रियेने तो पुष्कळदा दूर होतो. आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी किंवा श्रवणचेता यांना इजा झाल्यास मात्र दोष बहुधा कायमचा राहतो; कारण मनुष्याच्या नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. अशा वेळी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट यांचा आधार घ्यावा लागतो.

बाल्यावस्था :
जन्मतः ऐकू न येणारे बाळही आरंभीच्या काही महिन्यांत रडते, हसते, हुंकार देते. त्यामुळे घरातील माणसे निर्धास्त राहतात. पुढे बोलणे लांबले, तरी ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात’ असे समाधान करून घेतले जाते. वस्तुतः भाषा आत्मसात करण्याच्या दृष्टीने पहिली काही वर्षे सर्वांत मोलाची असतात. म्हणून पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा संकेत तज्ज्ञांनी स्वीकारला आहे. झोपलेल्या बाळाचीही ही तपासणी वेदनारहित रीतीने करता येते. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे. श्रवणयंत्रासोबत वाचोपचार आवश्यक असतात. तसेच सांकेतिक भाषा ही स्वयंपूर्ण भाषा असल्याने तिचाही मार्ग मुलास लवकर खुला असावा. कोणतीच भाषा न मिळता वर्षे निघून जाणे, ही खरी हानी होय.

महाविद्यालयीन वय :
लहानपणी वाहणाऱ्या कानाकडे झालेले दुर्लक्ष, मिरवणुकीतील ध्वनिवर्धक आणि तासन्‌तास कानात असणारे इअरफोन ही या वयातील श्रवणऱ्हासाची ठळक कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित मानता येते. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असणारी व्यक्ती ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० डेसिबल ऱ्हास असणारी ‘बधिर’ ठरते. साहजिकच ४५ डेसिबल ऱ्हास असलेला विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही. पंख्यांच्या घरघरीत मागच्या बाकावरून त्याला व्याख्यान अर्धवट ऐकू येते. तो शेजाऱ्याची वही पाहतो, प्रश्न टाळतो आणि ‘लक्ष नसलेला’ ठरतो. तोतरेपणा असलेल्या विद्यार्थ्याची अवस्थाही याहून वेगळी नसते. तोंडी परीक्षेतील त्याचा अडखळलेला शब्द अज्ञानाचे लक्षण मानला जातो.

प्रौढावस्था व वार्धक्य :
वयपरत्वे येणाऱ्या श्रवणऱ्हासात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी हरवतात. स्वर ऐकू येतात. परंतु ‘सात’ की ‘हात’, ‘शाल’ की ‘साल’ हे उमगत नाही. ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ ही ज्येष्ठांची तक्रार अशी शास्त्रीयदृष्ट्या अचूक असते. मोठ्याने ओरडण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोलणे अधिक उपयुक्त ठरते. संवाद तुटल्याने ज्येष्ठ व्यक्ती हळूहळू एकाकी होते. २०२० च्या लॅन्सेट आयोगाने तर श्रवणऱ्हासाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या बारा जोखीम घटकांत केली आहे.

पक्षाघातानंतर होणारा वाचाघात हा याहून निराळा विकार आहे. त्यात कान शाबूत असतात. मेंदूतील भाषाकेंद्रांना इजा झालेली असते. शब्द हरवले म्हणजे बुद्धी गेली, असा समज रुग्णावर अन्याय करणारा ठरतो.

निष्कर्ष :
प्रत्येक टप्प्यावर कारणे भिन्न असली, तरी दोष उशिरा ओळखला जाणे हे दुखणे समान आहे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. तथापि तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणाला तरी शंका यावी लागते. महाविद्यालयात ती शंका प्राध्यापकास येऊ शकते. फळ्याकडे तोंड करून न बोलणे, महत्त्वाच्या संज्ञा लिहून देणे, अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य आपण पूर्ण न करणे, या गोष्टींस कोणताही खर्च येत नाही. वारंवार ‘काय?’ विचारणाऱ्या विद्यार्थ्यास समज देण्यापूर्वी त्याची श्रवणतपासणी सुचवणे, हे अध्यापनाचेच एक अंग मानले गेले पाहिजे.