शेवट सांगू नकोस ना, दादा!

‘कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं?’ आठवतंय ना? जुलै २०१५ ते एप्रिल २०१७, जवळपास दोन वर्षं या एका प्रश्नापायी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये किती चहा थंड झाले असतील, कोण मोजणार! मार्केटिंगवाल्याची थिअरी वेगळी, अकाउंट्समधल्या मॅडमची वेगळी. मग दुसरा भाग आला, उत्तर मिळालं, विषय संपला. सगळे परत आपापल्या एक्सेल शीटमध्ये!

पण मंडळी, हा खेळ आम्ही त्याच्या कितीतरी आधी खेळून बसलो होतो. तोही मुंबई-पुण्यात नाही, चक्क यवतमाळात, आर्णी रोडजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर. आमचा कट्टप्पा होता प्रोफेसर स्नेप!

(‘हॅरी पॉटर’ अजून वाचायचा राहिला असेल, तर इथेच थांबा. पुढे सगळं फुटणार आहे.)

राक्षसाचा जीव पोपटात

हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक आलं १६ जुलै २००५ला आणि सातवं, म्हणजे शेवटचं, २१ जुलै २००७ला. मधली दोन वर्षं जगभरच्या फॅन्सना एकच उद्योग होता, अंदाज बांधण्याचा. सहाव्याच्या शेवटी स्नेपने डम्बलडोरला मारलं होतं. मग स्नेप खरंच फितूर की त्यात काही प्लॅन? डम्बलडोर नक्की गेले ना? खोट्या लॉकेटमधल्या चिठ्ठीवर सही करणारा ‘आर. ए. बी.’ कोण? आणि मुख्य म्हणजे, हॅरी जगणार का?

मी तेव्हा दहा वर्षांची. मराठी शाळा, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाशी आपला संबंध फक्त कव्हरपुरता! पण दादा होता ना. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नुकताच बारावी झालेला. त्या वर्षांत विदर्भात भारनियमन जोरात होतं. लाइट गेली की सगळं घर गच्चीवर, आणि दादाची गोष्ट सुरू. तो इंग्रजीत वाचायचा आणि आम्हाला आमच्या भाषेत सांगायचा.

व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे करून वस्तूंमध्ये लपवले, त्या वस्तू म्हणजे हॉरक्रक्स. हे प्रकरण कोणाच्याच डोक्यात शिरेना. तेव्हा दादा म्हणाला, ‘‘राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसं. फक्त इथे पोपट सात आहेत.’’ आजी लगेच सावरून बसली. ‘‘मंग असं सांग ना बाप्पा! पोपट कुठं हायेत, थे शोधा पहिले.’’

दोनशे पानी वही

अंदाज लिहायला दादाने एक दोनशे पानी वही केली होती. नियम कडक. लिहिलेलं खोडायचं नाही, खाली सही करायची. ज्याचा अंदाज चुकेल, त्याने सगळ्यांना आलूबोंडे खिलवायचे.

काकूने लिहिलं, ‘हॅरी मरणार नाही. बाईने सात पुस्तकं काय पोराला मारायला लिहिली?’ दादाचा पहिला अंदाज, ‘स्नेप पक्का हरामखोर.’ दुसरा, ‘एक पोपट खुद्द हॅरीच्या आत आहे.’ मी लिहिलं, ‘डम्बलडोर परत येतील.’ आजीला लिहिता येत नव्हतं. ती बोलली, मी लिहिलं, ‘‘थो मास्तर वाईट नाही. त्या पोराच्या मायवर जीव असन त्याचा. म्हणून असा कडू झाला.’’ खाली आजीचा अंगठा. आम्ही जाम हसलो होतो.

आजीने सहावं पुस्तक सोडा, इंग्रजी अक्षरसुद्धा ओळखलं नसतं. पण जन्मभर कीर्तनं ऐकलेली बाई. गोष्टीत माणूस कशामुळे कडू होतो, हे तिला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

रश्दींचीही थिअरी

आम्हीच येडे होतो असं समजू नका. ऑगस्ट २००६मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये जे. के. रोलिंगबाईंचा कार्यक्रम झाला. तिथे प्रश्न विचारायला कोण उभं राहावं? सलमान रश्दी, सोबत त्यांचा मुलगा! बापलेकांचं म्हणणं, स्नेप चांगला आहे आणि डम्बलडोर मेलेले नाहीत. डम्बलडोर खरोखरच गेले, हे बाईंनी त्याच कार्यक्रमात सांगून टाकलं. दादाने मला ही बातमी दिली, तर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

सगळ्यात भारी शोध लागला तो आर. ए. बी.चा. डच अनुवादात ‘ब्लॅक’ हे आडनाव ‘झ्वार्ट्स’ केलेलं, आणि तिथे चिठ्ठीवरची सही निघाली ‘आर. ए. झेड.’! म्हणजे ‘बी’ फॉर ब्लॅक. सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस. खरं लॉकेट तर पाचव्या पुस्तकातच एका ओळीत येऊन गेलं होतं, ब्लॅक कुटुंबाच्या घरात, कोणालाच न उघडलेलं. बाईंनी पुरावे समोर ठेवले होते. शोधायला फक्त वेळ आणि चार डोकी हवी होती, आणि आमच्याकडे दोन्ही भरपूर होतं.

गुरुवारी काय झालं

पुस्तक लंडनमध्ये मध्यरात्री निघणार, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेचारला. आमची प्रत नागपूरच्या दुकानात बुक केलेली. तिथून दीडशे किलोमीटर एसटीने मामा आणणार होता. दोन दिवस आधी, गुरुवारी, दादा इंजिनीअरिंग अ‍ॅडमिशनची यादी बघायला सायबर कॅफेत गेला. परत आला तेव्हा मी विचारलं, ‘‘काही नवीन?’’ तो म्हणाला, ‘‘काही नाही गं.’’

शनिवारी संध्याकाळी पुस्तक आलं. पुढच्या नऊ रात्री दादाने ते आम्हाला सांगितलं. स्नेपच्या आठवणींचा भाग आला, लहानपणापासून त्याचा हॅरीच्या आईवर जीव होता हे कळलं, तेव्हा गच्चीवर सगळे गप्प. मग आजी म्हणाली, ‘‘आता आण आलूबोंडे!’’ दादाने आणले. पंधरा दिवसांनी तो पुण्याला हॉस्टेलवर गेला. तशा रात्री परत आल्या नाहीत.

मागच्या वर्षी मी त्याच्याकडे गेले असताना विषय निघाला आणि दादा सहज बोलून गेला. त्या गुरुवारी कॅफेत शेजारच्या कॉम्प्युटरवर पुस्तकाच्या पानांचे फुटलेले फोटो उघडे होते आणि दोन पोरं मोठ्याने वाचत होती. कानावर हात ठेवेपर्यंत सगळं कळून चुकलं होतं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते पुस्तक त्याने शेवट माहीत असताना वाचलं.

मी म्हटलं, ‘‘अरे, मग वहीत अंदाज बदलायचास ना! आलूबोंड्यांचे पैसे तरी वाचले असते.’’

‘‘खोडायचं नाही असा नियम होता. आणि आजी जिंकत होती.’’

कोण पास, कोण नापास?

काकू : पास. हॅरी जगला.
दादा : स्नेपवर नापास, हॅरीतल्या पोपटावर पास.
रश्दी बापलेक : स्नेपवर पास, डम्बलडोरवर नापास.
अस्मादिक : सपशेल नापास.
आजी : डिस्टिंक्शन!

पुन्हा तीच वही

आता सगळा सीझन एका रात्रीत बघून संपतो आणि सकाळी मीटिंगच्या आधी कोणीतरी शेवट फोडतो. बरोबर कोण, यापेक्षा सगळ्यांना एकत्र काहीच माहीत नसणं, ही खरी मजा होती. ती मजा एकट्याला घेता येत नाही, आणि एकाला शेवट कळला की तो एकटा पडतो. दादा ते नऊ रात्री एकटाच होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आजी आता नाही. वही दादाकडे आहे. त्याची लेक आठ वर्षांची, रोज रात्री बाबाकडून गोष्ट ऐकते. सहावं पुस्तक नुकतंच संपलंय. वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर तिने मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘डम्बलडोर परत येणार.’ खाली सही.

मी ते वाचत असताना ती दादाच्या गळ्यात पडून विचारत होती, ‘‘बाबा, तुला माहितेय ना पुढे काय होतं? सांग ना!’’

दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘काही नाही गं.’’