भित्यापाठी ब्रह्मराक्षस

गिरगावातल्या आमच्या चाळीत बारा बिऱ्हाडांपुढे एकच लांबलचक गॅलरी होती आणि तिच्या पार टोकाला संडास. रात्री तिकडे जायचे म्हणजे माझ्या पोटात गोळा उठे. टोकाचा दिवा बहुधा गेलेलाच असायचा. (तो मालकाने बदलावा की भाडेकरूंनी, हा वाद माझ्या लहानपणी सुरू झाला, मी लग्न होऊन गेले तरी मिटला नव्हता!)

माझ्या थोरल्या भावाचीही तीच गत. वडिलांना ते खपेना. मुलासारखा मुलगा आणि अंधाराला भितो? एके रात्री त्यांनी त्याला माळ्यावर चढवले आणि शिडी काढून घेतली. अर्ध्या तासाने दादा खाली उतरला तो निमूटपणे. पोराची भीती कशी घालवली, हे वडील पुढे चारचौघांत कौतुकाने सांगत. दादा आज ऐंशीच्या घरात आहे. उशाशी दिवा जळत असल्याशिवाय त्याला अजून झोप येत नाही. बिचाऱ्या वहिनी इतकी वर्षे डोळ्यांवर पदर घेऊन निजतात.

माझी पाळी आली तेव्हा आई मध्ये पडली. ती आमच्या दारात उभी राही आणि म्हणे, "आज तिसऱ्या दारापर्यंत जाऊन ये. मी इथे बोलत राहते." आणि खरोखरच ती उद्याच्या भाजीविषयी मोठ्याने बोलत राही. तिसरे दार अंगवळणी पडले की पाचवे. एकदा कठड्यावरून मांजराने उडी मारली आणि मी किंचाळत घरात! दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसऱ्या दारापासून आरंभ. आई रागावली नाही. श्रावणात निघालेली मी दसऱ्याच्या सुमारास टोकाला पोचले.

आई चौथीपर्यंत शिकलेली. पण तिने केले तेच अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केले होते, हे मला फार उशिरा कळले. त्याआधी १९२० साली वॉटसन आणि रेनर या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अकरा महिन्यांचे मूल पांढऱ्या उंदराला हात लावायला गेले की त्याच्या मागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. लवकरच मूल नुसता उंदीर पाहून रडू लागले. मग सशालाही भिऊ लागले. ती भीती काढून टाकण्याआधीच ते मूल रुग्णालयातून गेले. वाचून माझ्या अंगावर काटा आला. पण 'बागुलबुवा येईल हं' म्हणत घास भरवताना आपण तरी निराळे काय करतो?

जोन्सबाईंनी उलटी वाट धरली. पीटर नावाचा तिनेक वर्षांचा मुलगा सशाला भीत होता. कापूस आणि पिसेसुद्धा त्याला चालत नसत. बाईंनी त्याला हळूहळू सशाची सवय लावायला घेतली. मध्येच पीटर आजारी पडला आणि रुग्णालयातून परतताना एक मोठे कुत्रे त्याच्या आणि नर्सच्या अंगावर धावले. झाले! सारी भीती परत. बाईंनी पुन्हा लांबून सुरुवात केली. या वेळी त्याला आवडीचा खाऊ दिला आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी दूर ठेवला, मग रोज थोडा जवळ. शेवटी ससा पीटरची बोटे कुरतडू लागला, तरी पीटर हसत होता. हा वृत्तांत १९२४ साली छापून आला.

यातली मेख अशी. भीतीपासून पळालो की तत्काळ हायसे वाटते आणि पळालो म्हणून वाचलो, अशी मनाची खात्री पटते. पुढल्या खेपेस ते अधिकच लवकर पळते. सोसवेल इतक्या अंतरावर थांबलो, तर छातीची धडधड काही वेळाने आपोआप उतरते. मात्र एकदम माळ्यावर कोंडले, तर हे शिकायला मन ठिकाणावर राहतेच कुठे?

मोठ्यांचेही तसेच. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांचे डोके गरगरू लागले. प्रश्न एकही सुचेना. तीस रुपयांची फी सोडून ते खाली बसले. पुढे १८९३ साली प्रिटोरियात त्यांनी जे पहिले भाषण केले, ते कोर्टात नव्हे, एका व्यापाऱ्याच्या घरी, आपल्याच देशबांधवांपुढे. त्यांच्या परीने ते तिसरे दारच म्हणायचे. भीतीपायी घराबाहेर पडणेच बंद झाले असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

परवा पणत्यांसाठी वाती हव्या होत्या. वातींचा डबा आतल्या खोलीत, आणि वीज गेलेली. माझी पाच वर्षांची नात म्हणाली, "मी आणते. पण आजी, तू बोलत राहा हं." मी करंजीच्या सारणाचे प्रमाण मोठमोठ्याने सांगू लागले. ती उंबऱ्यापर्यंत गेली, आत डोकावली आणि धावत परतली.

"डबा?"

"उद्या," ती म्हणाली. "आज उंबऱ्यापर्यंतच."